मॉडेल आगगाडीवर कॅमेरा बसवताना

आपल्या हॉबी क्लबच्या खोलीत आठ फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवूडवर एक रेल्वेमार्ग मांडलेला आहे. त्याच्या एका टोकाला चारबाग स्टेशनचा पुठ्ठ्याचा दर्शनी भाग आहे, तांबडा-पांढरा आणि घुमटांसह. दुसऱ्या टोकाला कसारा घाटाचा डोंगर आहे आणि डोंगरात बोगदा. नकाशात ही दोन ठिकाणे इतकी जवळ नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रातून इथे शिकायला आलेले आम्ही कॅडेट सुट्टीला ज्या पुष्पक एक्स्प्रेसने घरी जातो, ती चारबागला लागूनच असलेल्या लखनौ जंक्शनवरून सुटते आणि दुसऱ्या दिवशी इगतपुरी-कसारा घाट उतरून मुंबईला पोचते. म्हणून आमच्या मार्गाचे नाव 'पुष्पक मार्ग'. मधली झाशी, भोपाळ, भुसावळ ही स्टेशने जागेअभावी गाळावी लागली.

वार्षिक प्रदर्शनाला अठरा दिवस उरले असताना या बोगद्यात मालगाडी घसरू लागली. दर वेळी नाही, पण तीन फेऱ्यांत एकदा तरी नक्की. आणि दर वेळी तिसरीच वाघीण. (रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे माझ्या वर्गातल्या हिंदी भाषक मित्रांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.) बाहेर गाडी सुरळीत चाले. बोगद्यात शिरली की आतून खडखड ऐकू येई आणि इंजिन दोन वाघिणी घेऊन बाहेर पडे.

बोगद्यातले रूळ सातवीतल्या एका कॅडेटने बसवले होते. त्यामुळे दोष कोणाचा हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले. त्याला प्रदर्शनाच्या गटातून काढावे, डोंगर फोडावा आणि रूळ नव्याने टाकावेत, असे आमचे ठरले. आमचे म्हणजे त्यात मीही होतो. तो एवढेच म्हणाला, "भैया, मी रूळ दोनदा तपासले होते." आमच्या सरांनी मात्र विचारले, "आत काय होते ते कोणी पाहिले आहे का?" कोणीच पाहिले नव्हते. सर म्हणाले, "डोंगर फोडायला एक तास पुरेल. आधी बघून घ्या."

म्हणून आम्ही गाडीवर कॅमेरा बसवला. तो कसा बसवला, काय चुकले आणि शेवटी काय दिसले, ते या लेखात सांगतो. कोणाला असा प्रयोग करायचा असेल तर उपयोग होईल.

ही कल्पना नवी नाही

चित्रपटाचा शोध लागल्यावर दोन-तीन वर्षांतच लोकांनी इंजिनाच्या पुढच्या भागावर कॅमेरा बांधून चित्रण केले होते. अशा चित्रपटांना 'फँटम राइड' म्हणत. पडद्यावर इंजिन दिसत नसे, फक्त रूळ आपल्याकडे धावत येत, त्यामुळे एखादे भूत आपल्याला ओढून नेत आहे असे प्रेक्षकांना वाटे. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात 'मिनिआटुर वुंडरलँड' नावाचे २००१ मध्ये सुरू झालेले फार मोठे मॉडेल रेल्वेचे प्रदर्शन आहे. तिथे २०१६ मध्ये गूगलने छोट्या मोटारींवर आणि गाड्यांवर बारीक कॅमेरे बसवून त्या चिमुकल्या जगाचे रस्ते चित्रित केले. आपल्याकडे मॉडेल रेल्वे पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. मी चौथीत असताना ते पाहिले होते आणि हा छंद मला तिथूनच लागला.

आधी मापे

आमची गाडी एचओ मापाची आहे. म्हणजे खऱ्या गाडीच्या प्रत्येक ८७ मिलिमीटरला आमच्याकडे १ मिलिमीटर. दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर युरोपातल्या १४३५ मिलिमीटर गेजला जुळते. आपल्या भारतीय ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे, त्याचे ८७ ने भाग केले तर १९ मिलिमीटरहून थोडे जास्त येते. त्यामुळे आमची 'पुष्पक' दिसायला भारतीय असली तरी तिचे रूळ किंचित अरुंद आहेत.

कॅमेरा म्हणून आम्ही 'ईएसपी-३२ कॅम' हे छोटे सर्किट वापरले. रोबोटिक्स करणाऱ्या कॅडेटांना ते माहीत असेल. त्याची लांबी सुमारे ४० आणि रुंदी २७ मिलिमीटर आहे, वजन साधारण १० ग्रॅम. कॅमेरा, मेमरी कार्डाची खाच आणि वाय-फाय हे सगळे त्या एकाच पाटीवर आहे. ते एका सपाट, उघड्या वाघिणीवर आडवे न ठेवता उभे बसवले, म्हणजे भिंग रुळांपासून तीन सेंटिमीटर उंचीवर आले. ८७ ने गुणले तर ही उंची अडीच मीटरहून थोडी जास्त होते. इंजिनात बसलेल्या माणसाला समोरचे दिसावे तसे दृश्य यातून मिळते.

पहिली चूक इथेच झाली. उभे केलेले सर्किट बोगद्याच्या तोंडाला वरून अडले. मग आम्ही पुठ्ठ्याचा एक तुकडा कॅमेऱ्याच्या उंची-रुंदीएवढा कापला, तो वाघिणीवर चिकटवला आणि वाघीण हाताने ढकलत बोगद्यातून नेली. जिथे पुठ्ठा घासला तिथे माप कमी केले. खऱ्या रेल्वेतही डब्याची कमाल मापे आणि रुळालगतच्या बांधकामाची किमान अंतरे ठरलेली असतात, ती याचसाठी.

वळणावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वाघिणीची दोन्ही टोकांकडची चाके रुळावर असतात, पण तिचा मधला भाग सरळच राहतो, त्यामुळे तो वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. किती सरकतो याचे सूत्र सोपे आहे: दोन बोगींच्या केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. आमच्या वाघिणीत हे अंतर १२० मिलिमीटर आणि वळणाची त्रिज्या ४५७ मिलिमीटर, म्हणजे १८ इंच. उत्तर जवळजवळ ४ मिलिमीटर येते. कागदावर हे थोडे वाटते, पण बोगद्याची भिंत तीनच मिलिमीटर दूर असेल तर कॅमेरा आपटणारच.

वजन आणि तोल

कॅमेरा वर बसवला की वाघिणीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि ती वळणावर कलंडते. म्हणून जड वस्तू खाली ठेवायची. बॅटरी आम्ही वाघिणीच्या तळाला चिकटवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी वॉशर लावले.

वाघिणीचे एकूण वजन किती असावे? अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने यासाठी एक नियम सुचवलेला आहे. एचओ मापाच्या डब्याला एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आमची वाघीण सहा इंचांची, म्हणजे एक अधिक तीन, असे चार औंस. ग्रॅममध्ये ११३. आमची रिकामी वाघीण ६२ ग्रॅमची होती. कॅमेरा, बॅटरी आणि तारा मिळून ३० ग्रॅम झाले. उरलेले २१ ग्रॅम वॉशरनी भरून काढले.

इथे मी एक गणित करून पाहिले. लांबी ८७ पट कमी झाली की लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात, म्हणून आकारमान ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ पट, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटींनी कमी होते. आपल्या मालगाडीची भरलेली बॉक्सएन वाघीण सुमारे ८१ टनांची असते. ८१ टनांना त्या संख्येने भागले तर सुमारे १२३ ग्रॅम येतात. नियमातले ११३ ग्रॅम याच्या अगदी जवळ आहेत. म्हणजे मॉडेलचे योग्य वजन हे खऱ्या भरलेल्या वाघिणीसारखे असते आणि ६२ ग्रॅमची वाघीण ही त्या मानाने बरीच हलकी समजायची. पुढे याचा संबंध येणार आहे.

वीज कुठून घ्यायची

मॉडेल गाडीच्या दोन रुळांतून १२ व्होल्टपर्यंत वीज वाहते आणि इंजिन ती चाकांतून घेते. कॅमेऱ्यालाही तिथूनच वीज द्यावी असे आम्हाला वाटले. ते जमले नाही. रुळावर धुळीचा कण आला की क्षणभर वीज तुटते. इंजिन आपल्या वेगामुळे तसेच पुढे सरकते, आपल्याला कळतही नाही. पण कॅमेऱ्याचे सर्किट तेवढ्यानेच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय गाडी हळू करायची तर रुळांतला व्होल्टेज कमी करावा लागतो आणि मग कॅमेरा उपाशी राहतो.

म्हणून वेगळी बॅटरी घेतली, ५०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर. ती ३.७ व्होल्टची असते आणि कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे मध्ये व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट बसवले. हिशेबाने ती सव्वा तास चालायला हवी होती, प्रत्यक्षात पाऊण तास चालली. या बॅटरीबाबत काळजी घ्या. तिला टोचू किंवा वाकवू नका, तिच्यासाठी असलेल्या चार्जिंग सर्किटनेच चार्ज करा आणि चार्ज होत असताना खोली सोडून जाऊ नका. आम्ही ती फक्त सरांसमोर चार्ज करत होतो.

जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून

या कॅमेऱ्याचे भिंग कारखान्यातच दूरच्या वस्तूंसाठी जुळवून गोंदाने पक्के केलेले असते. आम्हाला पाच सेंटिमीटरवरचे चाक पाहायचे होते आणि ते पुसट दिसत होते. भिंगाच्या कडेचा गोंद ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडला आणि भिंग पाऊण फेरा बाहेर फिरवले. भिंग सेन्सरपासून दूर गेले की जवळच्या वस्तू स्पष्ट होतात, हे आपण प्रकाशाच्या धड्यात शिकतो.

कॅमेऱ्याचे तोंड कुठे वळवायचे हे कामावर अवलंबून असते. प्रवासाचे दृश्य हवे असेल तर कॅमेऱ्याची वाघीण इंजिनाच्या पुढे लावून ढकलत न्यावी. आम्हाला बिघाड शोधायचा होता, म्हणून ती इंजिनाच्या लगेच मागे लावली, कॅमेरा उलटा आणि थोडा खाली वळवला, आणि त्याच्या मागे संशयित वाघीण जोडली. तिची पुढची बोगी आणि दोन्ही रूळ चौकटीत येत होते.

वेग किती ठेवायचा? खरी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर मॉडेलने सेकंदाला १९ सेंटिमीटर जायला हवे. आमचा पूर्ण फेरा ५.३ मीटरचा आहे, तो २८ सेकंदांत होतो. पण आमचा कॅमेरा सेकंदाला सुमारे २० चित्रे घेतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये गाडी जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे जाते आणि नेमके हवे ते निसटते. वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरवर आणला तेव्हा दोन चित्रांमधले अंतर अडीच मिलिमीटर झाले.

बोगद्यात

पहिल्या फेरीत बोगदा म्हणजे निव्वळ काळा पडदा होता. सर्किटवरचा पांढरा दिवा लावला तर बॅटरीवर ताण येऊन कॅमेरा बंद पडला. मग एक छोटा एलईडी वेगळ्या बटण-सेलवर लावला आणि त्याच्यापुढे पातळ ट्रेसिंग पेपर चिकटवला, म्हणजे रूळ चमकत नाहीत.

चौथ्या फेरीत दिसले. बोगद्यात शिरल्यावर वळणाच्या बाहेरच्या रुळावर चाक किंचित उचलले गेले आणि परत खाली बसले. वेग कमी असल्याने वाघीण घसरली नाही. पाचव्या फेरीत तसेच झाले, सहाव्यातही. आम्ही चित्रण एकेक चौकट करून पाहिले आणि बोगद्याच्या तोंडापासून स्लीपर मोजले. तिन्ही वेळा जागा एकच, बेचाळीस आणि त्रेचाळीस या स्लीपरांच्या मध्ये. तोंडापासून सुमारे ३० सेंटिमीटर आत.

रूळ सरळ होता. सांधा त्या जागी नव्हताच. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला एक पांढरा कण चिकटलेला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा होता. डोंगराला प्लास्टर मी केले होते. रूळ बसवून झाल्यावर. खाली वर्तमानपत्र अंथरायला सांगितले असतानाही मी ते बोगद्याच्या आत सरकवले नव्हते, कारण त्या दिवशी मला खेळाच्या तासाला पोचायची घाई होती.

चाक घसरते कसे

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, तिला फ्लँज म्हणतात. वळणावर चाक सरळ जाऊ पाहते आणि बाहेरच्या रुळाला टेकलेली फ्लँज त्याला वळवते. आमच्या चाकांची फ्लँज मिलिमीटरहूनही कमी खोल आहे. ती प्लास्टरच्या कणावर चढली की तेवढा वेळ चाकाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. गाडी वेगात असेल तर तेवढ्या वेळात चाक रुळापलीकडे जाते.

मग तिसरीच वाघीण का? कारण तीच ६२ ग्रॅमची होती. बाकीच्यांत आम्ही दगडी कोळशाचे तुकडे भरले होते, ती रिकामी ठेवली होती. चाकाला बाहेर ढकलणारा जोर आणि त्याला खाली दाबणारे वजन यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की फ्लँज रुळावर चढते. ही मर्यादा काढण्याचे सूत्र नादाल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दिले आणि ते आजही वापरतात. जड वाघिणी कणावरून जाताना वजनाने लगेच खाली बसत होत्या. हलकी वाघीण बसत नव्हती.

मानकनगरची मोठी मंडळी

हेच काम मोठ्या प्रमाणावर आपल्या शहरात चालते. चारबागहून कानपूरकडे निघाले की मानकनगर लागते. तिथे भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना आहे, जिला सगळे आरडीएसओ म्हणतात. १९३० ची सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ चे रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र या दोन संस्था एकत्र करून ती १९५७ मध्ये स्थापन झाली. नवा डबा किंवा वाघीण तयार झाली की तिच्यावर उपकरणे बसवून ती वाढत्या वेगाने धावडवतात आणि ती किती हेलकावे खाते, चाकांवर बाजूने किती जोर येतो, हे मोजतात. रुळांची तपासणी करणाऱ्या खास गाड्याही असतात. त्या धावता धावता दोन रुळांतले अंतर, त्यांची पातळी, सरळपणा आणि पीळ यांची नोंद करतात. एखाद्या जागी दोष आढळला तर तो कोणत्या किलोमीटरला आहे हे नोंदीतून कळते. आम्ही स्लीपर मोजले, ते किलोमीटर मोजतात.

शेवटी काय केले

डोंगर फोडावा लागला नाही. एका लांब वाकवलेल्या तारेच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून तो कण बोगद्याच्या तोंडातूनच घासून काढला. दहा मिनिटांचे काम होते. तिसऱ्या वाघिणीतही कोळसा भरून तिचे वजन ११३ ग्रॅम केले. त्यानंतर सलग पन्नास फेऱ्यांत गाडी एकदाही घसरली नाही.

पुढच्या क्लबच्या तासाला ते चित्रण सर्वांना दाखवले आणि प्लास्टर कोणाचे होते ते सांगितले. सातवीतल्या कॅडेटची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे भैया, पण मग बोगद्यातले बाकीचे रूळ बरोबर आहेत ना?" आम्ही चित्रण पुन्हा लावले आणि त्याला सगळे सांधे एकेक करून दाखवले. सगळे बरोबर होते. प्रदर्शनाच्या दिवशी गाडीचा कंट्रोलर त्याच्या हातात होता आणि कॅमेऱ्यातले दृश्य शेजारच्या संगणकावर दिसत होते. पालकांनी सर्वांत जास्त वेळ बोगद्यासमोरच घालवला.

हा प्रयोग करू पाहणाऱ्यांना एक सूचना. आपल्या शाळेत कॅमेरा वापरायला लेखी परवानगी लागते. आम्ही ती घेतली होती. कॅमेरा फक्त रुळांकडे वळवायचा, खोलीबाहेर न्यायचा नाही आणि मेमरी कार्ड रोज सरांकडे जमा करायचे, या अटी होत्या. त्या पाळल्या तर परवानगी मिळायला अडचण येत नाही. आणि प्लास्टर करताना रुळांवर वर्तमानपत्र अंथरा, बोगद्याच्या आतपर्यंत.